नवीन लायसन्सवर न्यूझीलंडमध्ये भाड्याची गाडी: बुकिंगपासून गाडी परत देईपर्यंत सगळं

लायसन्स मिळून वर्ष-दीड वर्ष झालंय, पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये हात बऱ्यापैकी बसलाय, आणि आता परदेशात गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवत फिरायचंय, अशा लोकांसाठी हे सविस्तर लिहितोय. माझं ठाम मत आधीच सांगतो, नवीन ड्रायव्हरची परदेशातली ट्रिप सोपी होणार की त्रासदायक हे ऐंशी टक्के घरी बसूनच ठरतं, काउंटरवर पोचल्यावर हातात फार काही उरत नाही, समोर जे ठेवतील त्यावर सही करून मोकळं व्हावं लागतं. म्हणून या लेखात घरच्या तयारीवर जास्त लिहिलंय.

देश कुठला निवडायचा

पहिल्यांदा जाताना आपल्यासारखं डाव्या बाजूने गाडी चालवणारा देशच निवडा. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, इंग्लंड, मॉरिशस, मलेशिया हे सगळे डावीकडचे, आणि युरोपचा बाकी बहुतेक भाग, अमेरिका, दुबई उजवीकडचे. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस उजवीकडे पटकन रुळतो, पण ज्याची सवय आत्ता कुठे पक्की होतेय त्याला प्रत्येक वळणावर कुठल्या लेनमध्ये शिरायचं, कुठल्या बाजूला बघायचं याचा विचार करावा लागतो आणि त्यात नवीन रस्ते, नवीन पाट्या, मागे बसलेली फॅमिली. एवढं सगळं एकदम अंगावर घ्यायची गरज नाही.

मी न्यूझीलंडच्या साऊथ आयलंडबद्दल लिहितोय. तिथे गर्दी कमी आहे, गाड्या जवळपास सगळ्या ऑटोमॅटिक, सगळ्या पाट्या इंग्रजीत, टोल रोड जे काही आहेत ते नॉर्थ आयलंडमध्ये त्यामुळे इकडे ती भानगडच नाही, आणि निसर्ग असा की बसने फिरून मन भरत नाही, मध्येच थांबावंसं वाटतं तिथे थांबता यायला हवं. दुसऱ्या देशात जाणार असाल तरी खालची पद्धत तीच, फक्त नियम त्या त्या देशाचे बघून घ्या.

आधी स्वतःचं लायसन्स नीट वाचा

हे बहुतेक लोक करत नाहीत. कार्ड काढा आणि मागची बाजू बघा. तिथे गाडीच्या प्रत्येक प्रकारापुढे वेगळी तारीख असते. समजा तुमच्याकडे दहा वर्षांपासून बाईकचं लायसन्स आहे आणि एलएमव्ही, म्हणजे कारचं, मागच्या वर्षी जोडलं, तर रेंटलवाला एलएमव्हीची तारीख धरणार, बाईकची नाही. उलटही होतं, कार चालवून आठ वर्षं झाली पण पत्ता बदलला किंवा रिन्यू केलं म्हणून कार्डावर अलीकडची तारीख आली, तर नवखे नसतानाही तुम्ही नवखे दिसता. नवीन पद्धतीच्या कार्डावर पहिल्यांदा लायसन्स दिल्याची तारीखही छापलेली असते, ती कुठे आहे ते आत्ताच शोधून ठेवा म्हणजे काउंटरवर बोट ठेवून दाखवता येईल.

दुसरं, नाव. आपल्याकडे लायसन्सवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं असतं, पासपोर्टवर कधी मधलं नाव असतं कधी नसतं. एवढ्याने सहसा अडत नाही. पण लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललंय आणि लायसन्स अजून माहेरच्या नावावर आहे असं असेल तर मात्र ते आधी आरटीओतून बदलून घ्या, कारण पासपोर्ट, लायसन्स आणि क्रेडिट कार्ड तिन्हीवर एकच माणूस दिसला पाहिजे.

तिसरं, मूळ कार्ड. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स आपल्या पोलिसांना चालतं, तिकडे चालेल असं अजिबात धरून चालू नका. न्यूझीलंडमध्ये गाडी चालवताना लायसन्स जवळ असणं कायद्याने बंधनकारक आहे. कार्ड पोस्टाने घरी यायचं बाकी असेल तर ते हातात आल्याशिवाय गाडी बुक करू नका.

आयडीपी काढायचं का?

न्यूझीलंडमध्ये लायसन्स इंग्रजीत असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट कायद्याने लागत नाही. तरी मी काढा म्हणेन. एखादी रेंटल कंपनी मागते, आणि पुढे दुसऱ्या देशात उपयोगी पडतं. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फॉर्म ४ए, फी १,००० रुपये, आणि तुमच्या आरटीओतून मिळतं. मुदत एक वर्ष, पण लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. मेडिकल सर्टिफिकेट आणि व्हिसाची अट २०२१ मध्ये नियमातून काढली गेली, तरी पासपोर्टसोबत व्हिसा आणि तिकिटाच्या कॉपी फाईलमध्ये ठेवा, ऑफिसमध्ये विचारलं तर दुसरी खेप नको. आयडीपी एकटं दाखवून काही होत नाही, ते मूळ लायसन्सबरोबरच चालतं. आणि ऑनलाईन डॉलरमध्ये पैसे घेऊन ‘इंटरनॅशनल लायसन्स’ घरपोच देणाऱ्या साईट्स असतात, त्यांच्या नादी लागू नका, आपल्याकडे हे परमिट सरकारी वाटेनेच मिळतं.

बुकिंग: अटींचं पान आधी, किंमत नंतर

बुकिंग साईटवर सगळ्यात स्वस्त गाडी दिसते आणि हात लगेच पैसे भरायला जातो. थांबा. त्या कंपनीचं ड्रायव्हरच्या अटींचं पान उघडा आणि तीन गोष्टी बघा. किमान वय किती, बऱ्याच ठिकाणी २१ असतं आणि २५ च्या आतल्यांना रोजचा सरचार्ज किंवा जास्त एक्सेस (नुकसान झालं तर तुम्ही भरायची रक्कम) लागतो. लायसन्स किती जुनं पाहिजे, काही कंपन्या फक्त ‘फुल लायसन्स’ म्हणतात म्हणजे लर्निंग नको एवढंच, काही किमान १२ महिने मागतात. आणि डिपॉझिट क्रेडिट कार्डवरच घेणार का, कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं पाहिजे का.

वर्ष पूर्ण झालेलं नसेल तर कंपनीला थेट ईमेल करा. लायसन्स कधी मिळालं, एलएमव्हीची तारीख काय, कुठल्या तारखांना गाडी पाहिजे, सगळं स्पष्ट लिहा आणि आलेलं उत्तर प्रिंट काढून सोबत ठेवा. मोठ्या कंपनीने नाही म्हटलं तरी तिथल्या छोट्या लोकल कंपन्यांच्या अटी वेगळ्या असतात, त्यामुळे एका नकारावर थांबू नका. ग्रुपमधल्या जुन्या लायसन्सवाल्याच्या नावावर बुकिंग करून तुम्ही अ‍ॅडिशनल ड्रायव्हर म्हणून नाव घालता येईल का तेही विचारा, पण लायसन्सची अट बहुतेक वेळा त्यालाही लागू असते. नाव न घालता गुपचूप गाडी चालवायची ही कल्पना डोक्यातून काढून टाका, कॉन्ट्रॅक्टवर नाव नसलेल्या माणसाच्या हातून काही झालं तर इन्शुरन्स शून्य, सगळा खर्च तुमच्या अंगावर.

गाडी कुठली घ्यायची तर ऑटोमॅटिक, आणि शक्य तितकी छोटी. चार जणांना मोठी एसयूव्ही छान वाटते पण तिकडचे अरुंद पूल, मोटेलची पार्किंग, आणि रिव्हर्स घेताना छोटी गाडी नवीन माणसाला खरंच आधार देते. कॅम्परव्हॅनचा मोह पहिल्या ट्रिपला टाळा. बुकिंगमध्ये डिझेल गाडी दिसली तर न्यूझीलंडमध्ये डिझेलवाल्यांना किलोमीटरप्रमाणे रोड युजर चार्ज असतो, तो कंपनी शेवटी वेगळा लावते, हिशोबात धरा. लहान मूल सोबत असेल तर सात वर्षांच्या आतल्या मुलांना चाइल्ड सीट सक्तीची आहे, मांडीवर बसवून चालत नाही, बुकिंग करतानाच ती सांगून ठेवायची.

इन्शुरन्सवर कंजुषी नको

इथे जरा थांबून समजून घ्या कारण पैसे इथेच जातात. गाडीच्या भाड्यात बेसिक इन्शुरन्स असतो, पण त्यात एक्सेस असतो, म्हणजे नुकसान झालं तर पहिले इतके डॉलर तुम्ही भरायचे. हा आकडा हजारो न्यूझीलंड डॉलरमध्ये असू शकतो, वय कमी असेल तर आणखी वर जातो, आणि चूक कुणाची हे नंतर बघतात, आधी कार्डावरून पैसे कापले जातात. एक्सेस शून्यावर आणायचे दोन रस्ते. एक, रेंटल कंपनीचंच फुल कव्हर रोजचे पैसे भरून घ्यायचं. दोन, बाहेरच्या कंपनीची स्वस्त एक्सेस पॉलिसी, त्यात रेंटलवाला आधी तुमच्या कार्डावरून पैसे घेतो आणि तुम्ही नंतर भारतात येऊन कागदपत्रं देऊन ते परत मागत बसता.

अनुभवी माणसाने दुसरा रस्ता घेतला तर ठीक आहे. नवीन लायसन्सवाल्याने कंपनीचं फुल कव्हर घ्यावं, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. पार्किंगमध्ये बंपर घासला तर त्याचं टेन्शन डोक्यावर घेऊन पुढचे सगळे दिवस गाडी चालवणं हे सुरक्षितही नाही आणि मजाही जाते. शिवाय फुल कव्हर घेतलं की डिपॉझिटसाठी ब्लॉक होणारी रक्कमही बहुतेक ठिकाणी खूप कमी होते.

मात्र फुल कव्हरमध्येही काय नाही ते वाचा. गाडीच्या खालच्या भागाचं नुकसान, चुकीचं इंधन भरणं, चावी हरवणं, पाण्यात किंवा बीचवर गाडी नेणं, दारू पिऊन चालवणं हे सहसा बाहेर असतं. काच आणि टायर कधी आत कधी बाहेर. काही रस्तेच कंपन्या नावानिशी वगळतात, क्वीन्सटाऊनजवळचा स्किपर्स कॅन्यन रोड हा त्यातला प्रसिद्ध. तिथे गाडी नेली तर कव्हर संपलं.

माणसांच्या दुखापतीचं वेगळं आहे, न्यूझीलंडमध्ये एसीसी ही सरकारी योजना अपघाती दुखापतीचे उपचार पर्यटकांनाही कव्हर करते, पण आजारपण, फ्लाइट बुडणं, भारतात परत आणणं यात येत नाही, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स हवाच.

निघायच्या आधी घरी सराव

शहरात २०-३० च्या स्पीडने चालवणं आणि १०० ने दोन तास सलग चालवणं यात फार फरक आहे. तिकडे गावाबाहेर स्पीड लिमिट १०० आणि रस्ता बहुतेक दोनच लेनचा, समोरून येणारी गाडीही १०० ने. त्यामुळे जायच्या आधीच्या महिन्यांत शेजारी अनुभवी माणूस बसवून एक्सप्रेसवेवर जाऊन या, लेन न सोडता एकाच स्पीडने चालवायचा सराव करा. मग एक घाट, ताम्हिणी किंवा आंबोली, पावसाळा सोडून आणि दिवसा. ऑटोमॅटिक कधी चालवली नसेल तर ओळखीत कुणाची तरी मागून तासभर चालवा, डावा पाय बाजूला ठेवायची सवय लागायला तेवढं पुरतं. न्यूझीलंडचा रोड कोड ऑनलाईन फुकट वाचता येतो, निदान पाट्यांचा भाग तरी दोनदा वाचा.

पोचल्यावर लगेच गाडी घेऊ नका

भारतातून जाणारा प्रवास सिंगापूर वगैरे करत लांबलचक होतो, झोप झालेली नसते, घड्याळ साडेसहा-साडेसात तास पुढे. क्राइस्टचर्चला उतरलात तर टॅक्सीने हॉटेल गाठा, झोपा, आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. एका दिवसाचं भाडंही वाचतं.

गाडी घेताना घाई करू नका, काउंटरवरच्या माणसाला अशा लोकांची सवय असते, तो वाट बघतो. गाडीभोवती फिरून सलग व्हिडिओ काढा, छत, बंपरची खालची कड, चारही रिम, काचेवरचे बारीक तडे, आतलं पेट्रोल मीटर आणि किलोमीटर. जो ओरखडा त्यांच्या कागदावर नाही तो लिहून घ्या. मग आत बसून सीट, आरसे, हँडब्रेक कुठाय (बऱ्याच गाड्यांत बटण असतं), वायपर, लाइट, पेट्रोलचं झाकण उघडायचा खटका, सगळं बघा. जपानी बनावटीच्या गाडीत इंडिकेटर आपल्या मारुतीसारखा उजव्या हाताला असतो, युरोपियन गाडीत डाव्या, तिथे इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर चालू होतील. स्वस्त कंपन्यांकडे जपानहून आलेल्या जुन्या गाड्या असतात, त्यांची स्क्रीन कधीकधी जपानीत असते, त्यामुळे मोबाईलचा होल्डर आणि चार्जर घरूनच न्या. मोबाईल हातात धरून मॅप बघणं हा गुन्हा आहे.

डिपॉझिट किंवा पेमेंट करताना मशीन रुपयांत की डॉलरमध्ये विचारेल, न्यूझीलंड डॉलरच निवडा, रुपयांचा रेट तुमच्या तोट्याचा असतो.

रस्त्यावर काय वेगळं आहे

सिग्नल लाल असताना डावीकडे वळायचं नाही. आपल्याकडची फ्री लेफ्टची सवय इथे सगळ्यात आधी सोडायची. स्टॉपच्या पाटीला रस्ता मोकळा दिसत असला तरी गाडी पूर्ण थांबवायची. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि इथे ते सगळे खरंच पाळतात, म्हणून समोरचा थांबेल या अंदाजावर गाडी घुसवली तर तो थांबणार नाही कारण त्याला तुम्ही थांबाल याची खात्री असते. झेब्रावर माणूस दिसला की थांबा. हॉर्न जवळजवळ वाजवतच नाहीत.

साऊथ आयलंडमध्ये एक लेनचे पूल खूप. आधी पाटी येते, लाल गोलातली पाटी ज्यात तुमच्या दिशेचा बाण छोटा लाल असतो म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्या, निळी चौकोनी पाटी ज्यात तुमचा बाण मोठा पांढरा म्हणजे तुमचा हक्क आधी. हक्क तुमचा असला तरी पुलावर कुणी आधीच आलेलं नाही ना ते बघूनच शिरा.

वळणांआधी पिवळ्या पाटीवर २५, ३५, ६५ असा आकडा दिसतो, तो त्या वळणासाठी सुचवलेला स्पीड. लिमिट १०० आहे म्हणून १०० ने जायलाच पाहिजे असं काही नाही, नवीन माणसाने तो आकडा काटेकोर पाळावा. तुमच्या बाजूला सलग पिवळी रेषा असेल तर ओव्हरटेक नाही. मागे गाड्या साचल्या तर लाजायचं कारण नाही, पुढे मोकळी जागा किंवा स्लो व्हेइकल बे आला की डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्या, लोक हात करून आभार मानतात. उभ्या असलेल्या स्कूल बसजवळून जाताना दोन्ही दिशांना २० चं लिमिट आहे. लिमिटपेक्षा ताशी ४० किलोमीटरहून जास्त वर गेलात आणि पोलिसांनी पकडलं तर लायसन्स जागेवरच २८ दिवसांसाठी निलंबित होतं, म्हणजे ट्रिप संपली. दारूचं प्रमाण २० वर्षांच्या आतल्यांना शून्य, बाकीच्यांना थोडी सूट आहे पण ड्रायव्हरने घेऊच नये.

पार्किंग वाहतुकीच्या दिशेनेच करायची, रस्त्याच्या उजव्या कडेला उलट तोंड करून लावली तर दंड. पी ६० म्हणजे साठ मिनिटं, तुटक पिवळी रेषा म्हणजे थांबायचंच नाही. पेट्रोल स्वतः भरायचं, ९१ की ९५ ते झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, आणि डिझेलच्या नळीला हात लावण्याआधी दोनदा वाचा.

रूट कसा आखायचा

पहिला दिवस क्राइस्टचर्च ते लेक टेकापो ठेवा, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, बराचसा सपाट आणि सरळ रस्ता, हात बसायला याहून चांगला रस्ता नाही. दुसऱ्या दिवशी टेकापोहून माउंट कुक, शंभरेक किलोमीटर, पुकाकी तळ्याच्या कडेने, आणि समोर माउंट कुक, म्हणजेच आओराकी, दिसत राहतो, ३,७२४ मीटर. फोटोसाठी रस्त्यात ब्रेक मारू नका, ठरलेल्या जागा आहेत तिथे पूर्ण बाजूला घ्या.

पुढे लिंडिस पासवरून वनाका, आणि वनाकाहून क्वीन्सटाऊनला जाताना मॅप तुम्हाला क्राउन रेंज सुचवेल कारण तो जवळचा. तो १,०७६ मीटरपर्यंत चढणारा, देशातला सगळ्यात उंच डांबरी हमरस्ता, आणि उतरताना घट्ट वळणं. नवीन ड्रायव्हरने क्रॉमवेलवरून कावाराउच्या खोऱ्यातून जावं, थोडं लांब पण खूप निवांत, आणि क्रॉमवेलला उन्हाळ्यात फळांचे स्टॉल लागतात.

मिलफर्ड साउंडसाठी क्वीन्सटाऊनहून एका दिवसात जाऊन-येऊन करायचा विचार नको. ते अंतर दोन्ही मिळून जवळपास सहाशे किलोमीटर होतं. वाटेत ‘ते आनाऊ’ नावाचं गाव आहे, तिथे मुक्काम करा, टाकी फुल करा, सकाळी निघा. ‘ते आनाऊ’पासून मिलफर्ड साधारण १२० किलोमीटर, मध्ये सव्वा किलोमीटरचा होमर टनेल, आत अंधार आणि उतार. टनेलच्या तोंडाशी केआ पोपट गाडीवर येऊन बसतात आणि रबर कुरतडतात, खायला देऊ नका. मे ते नोव्हेंबरमध्ये या रस्त्यावर हिमस्खलनाचा धोका असतो आणि बर्फाच्या साखळ्या सोबत ठेवाव्या लागतात. हिवाळ्यात गेलात तर हा एक दिवस सरळ टूर बसने करा, मनापासून सांगतोय, साखळ्या लावणं आणि बर्फावर चालवणं शिकायची ही जागा नाही.

मॅप जो वेळ दाखवतो त्यात पाव भाग वाढवा. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, गावाबाहेर रस्त्यावर दिवे नसतात. रोज सकाळी एनझेडटीएच्या (तिथली सरकारी रस्ते-वाहतूक संस्था) जर्नी प्लॅनरवर रस्ता चालू आहे ना ते बघा. दुपारनंतर झोप येते, एकच ड्रायव्हर असाल तर दिवसाला तीन-चार तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग ठेवू नका.

काही झालंच तर

गाडी बाजूला घ्या, हॅझर्ड लाइट लावा, कुणाला लागलं असेल तर १११. जीवाला धोका नाही पण रस्त्यावर काही अडचण आहे तर मोबाईलवरून स्टार ५५५. समोरच्याचं नाव, पत्ता, गाडीचा नंबर घ्या, फोटो काढा, आणि रेंटल कंपनीला त्याच दिवशी कळवा, बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये वेळेत कळवलं नाही तर कव्हर नाकारतात. जागेवर रोख देऊन मिटवायच्या फंदात पडू नका.

गाडी परत देताना एअरपोर्टच्या जवळच्या पंपावर टाकी भरा, पावती ठेवा, पुन्हा तसाच व्हिडिओ काढा, मीटरसकट. शक्य असेल तर ऑफिस उघडं असताना द्या आणि गाडी नीट मिळाल्याचं लिहून घ्या, चावी डब्यात टाकून गेलात तर तपासणी तुमच्या मागे होते. ब्लॉक केलेलं डिपॉझिट सुटायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे ते कार्ड लगेच बंद करू नका. स्पीड कॅमेऱ्याचा किंवा पार्किंगचा दंड असेल तर तो कंपनीमार्फत स्वतःच्या अ‍ॅडमिन फीसकट घरी आल्यावर ईमेलने येतो, म्हणून दोन-तीन महिने स्पॅम फोल्डरही बघत राहा, आणि व्हिडिओ-पावत्या तोपर्यंत डिलीट करू नका.